केदारनाथला निघताना: तिकिटाआधी दिवस मोजा

कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. केदारनाथची पायवाट जिथून सुरू होते ते गौरीकुंड जवळजवळ दोन हजार मीटरवर, म्हणजे महाराष्ट्रातला अख्खा सह्याद्री खाली राहिल्यावर मग तिथलं पहिलं पाऊल पडतं. मंदिर आहे ३,५८३ मीटरवर. मधली वाट सुमारे १६ किलोमीटरची आणि चढ सोळाशे मीटरचा. दर महिन्याला राजगड-तोरणा करणारी पोरं हे आकडे ऐकून हसतात. सोळाच किलोमीटर ना? मग हीच पोरं वाटेवरच्या लिंचोलीच्या वर एखाद्या दगडावर डोकं धरून बसलेली दिसतात आणि त्यांच्या शेजारून साठीच्या बायका काठी टेकत, ‘जय भोले’ म्हणत पुढे निघून जातात. पायात बळ असणं वेगळं आणि विरळ हवेला शरीर सरावणं वेगळं. साडेतीन हजार मीटरवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने साधारण दोन-तृतीयांशच उरतो. ही तूट व्यायामाने भरून निघत नाही. तिला वेळच द्यावा लागतो.

म्हणून या यात्रेची आखणी करताना आधी दिवस मोजा, तिकिटं मागाहून काढा. आपल्याकडे बहुतेक घरांत उलटं चालतं. रजा आठ दिवसांची मिळाली की आठ दिवसांत चारही धाम बसवायचे. त्यासाठी केदारनाथला मध्यरात्री उठून चढायचं, दर्शन झालं की लगेच उतरायचं आणि सुजलेले पाय गाडीत घालून बद्रीनाथकडे पळायचं. माझं मत विचाराल तर तेवढ्या दिवसांत एकच धाम नीट करावा. गंगोत्री-यमुनोत्री कुठे पळून जात नाहीत.

दिवसांची मांडणी

हरिद्वारपर्यंत रेल्वेने या किंवा विमानाने देहरादूनच्या जॉली ग्रांटला उतरा. पुढे सगळा घाटरस्ता. ऋषीकेश, देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, अगस्त्यमुनी, गुप्तकाशी असं करत सोनप्रयागला पोचायला दोनशे किलोमीटरहून थोडं जास्तच अंतर पडतं. मोबाइलवरचा नकाशा सहा-सात तास दाखवेल. त्यावर विसंबू नका, अख्खा दिवस धरा. कुठे दरड काढायचं काम चालू असतं, कुठे एकेरी वाहतूक, कुठे रुद्रप्रयागच्या बाजारातली कोंडी. पहाटे पाचला ऋषीकेश सोडलंत तर उजेड असताना मुक्कामी पोचाल. अंधार पडल्यावर ‘भय्या, थोडंच राहिलंय, चला ना’ असं ड्रायव्हरला कधीही म्हणू नका. तो दिवसभर वळणं घेऊन थकलेला असतो आणि तुमच्या आग्रहापुढे नाही म्हणणं त्याला जड जातं.

डोंगरातला पहिला मुक्काम गुप्तकाशीला किंवा मंदाकिनीच्या पलीकडच्या ऊखीमठला करा. दोन्ही गावं तेराशे मीटरच्या आसपास आहेत, हवा सुखाची असते. आता इथून सगळे सरळ सोनप्रयागकडे धावतात. तुम्ही तसं करू नका. एक दिवस चोपट्याला जा आणि तुंगनाथ करा.

तुंगनाथ पंचकेदारांतला तिसरा केदार. मंदिर ३,६८० मीटरवर, म्हणजे केदारनाथपेक्षाही जवळपास शंभर मीटर उंच. पण पायवाट जेमतेम चार किलोमीटरची, दगडी फरसबंदीची, आणि चोपट्यापर्यंत गाडी जाते. ऊखीमठपासून चोपटा साधारण तीस किलोमीटर. सकाळी हळूहळू वर चढा, दर्शन घ्या, तासभर तिथल्या हवेत बसा आणि उतरून रात्री चोपट्यात किंवा जवळच्या दुगलबिट्ट्यात झोपा. दिवसा उंच जायचं आणि रात्री त्याहून खाली झोपायचं, हा विरळ हवेशी जमवून घ्यायचा गिर्यारोहकांचा जुना नेम आहे. शिवाय ही तुमच्या घरच्या मंडळींची रंगीत तालीम होते. कोणाचं डोकं दुखतं, कोणाचे गुडघे कुरकुरतात, कोणाचे नवे बूट चावतात, कोण पाणी पीत नाही, हे सगळं चार किलोमीटरच्या वाटेवर कळतं. इथे बिनसलं तर दीड-दोन तासांत माणूस गाडीपाशी येतो. केदारनाथच्या वाटेवर बाराव्या किलोमीटरला बिनसलं तर काय होतं, याची कल्पनाच केलेली बरी. चंद्रशिला आणखी वर, चार हजार मीटरच्या आसपास आहे. तरुण मंडळींनी जावं, ज्येष्ठांनी मोह टाळावा.

दुसऱ्या दिवशी चोपट्याहून सोनप्रयाग. खासगी गाड्या तिथे किंवा अलीकडे सीतापूरला थांबतात. पुढचे पाच किलोमीटर स्थानिक जीपने गौरीकुंडापर्यंत जायचं. या जीपची रांग हा यात्रेतला सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि मे महिन्यात तिच्यात तासन्‌तास जातात. म्हणून आदल्या दुपारीच गौरीकुंड गाठून तिथे झोपा. खोल्या साध्या आणि दमट असतात, पण पहाटेचे ते तास वाचतात. पाचव्या दिवशी चढाई, वर मुक्काम. सहाव्या दिवशी सकाळी दर्शन आणि उतरण. सातवा दिवस राखीव. आठव्या दिवशी परत हरिद्वार. परतीचं तिकीट नवव्या दिवशीचं काढा.

राखीव दिवसाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण सगळे कात्री पहिल्यांदा तिथेच चालवतात. पाऊस लागला की प्रशासन सोनप्रयागला किंवा गौरीकुंडाला यात्रेकरूंना अडवतं, आणि ते योग्यच करतं. ज्यांची परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची असते ते हुज्जत घालतात, ओळखी काढतात, आणि पाऊस थोडा ओसरला की घाईने निघतात. ज्यांच्याकडे एक दिवस शिल्लक असतो ते चहा पीत बसतात. राखीव दिवस वापरावा लागला नाही तर त्रियुगीनारायणला जाऊन या. शिवपार्वतीचं लग्न जिथे झालं असं मानतात ते गाव सोनप्रयागहून गाडीने तासाभरात येतं.

कधी जायचं

केदारनाथची कपाटं, म्हणजे मंदिराची दारं, उघडायची तारीख महाशिवरात्रीला ऊखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होते. उघडतात बहुधा एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला, आणि बंद होतात भाऊबिजेला. तुंगनाथची तारीख वेगळी जाहीर होते, तीही बघून घ्या.

मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा म्हणजे शाळांची सुट्टी, आणि म्हणजेच गर्दी. पोरांच्या सुट्टीला पर्याय नसेल तर जा, पण रांगांची तयारी ठेवून जा. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाऊस. १६-१७ जून २०१३ला चोराबाडी तलाव फुटून जे घडलं ते सगळ्यांना आठवतं. रामबाडा हे वाटेवरचं गाव त्यात पुसलं गेलं. पण दरडी आणि ढगफुटी हा तिथला दर पावसाळ्याचा धोका आहे. ३१ जुलै २०२४च्या रात्री झालेल्या पावसाने पायवाट ठिकठिकाणी तुटली आणि हजारो यात्रेकरूंना बाहेर काढावं लागलं. श्रावणी सोमवार केदारनाथला साधायची इच्छा कितीही भाविक असली, तरी तो सोमवार त्र्यंबकेश्वरला किंवा भीमाशंकरला साधावा.

गणपती उठले की निघावं, हे सगळ्यात चांगलं. सप्टेंबरअखेर ते भाऊबीज या काळात आकाश धुतल्यासारखं होतं, शिखरं दिसतात आणि खोल्या मिळतात. थंडी मात्र कडक. ऑक्टोबरात रात्री पारा शून्याखाली जातो. निघायच्या चार दिवस आधीपासून हवामान विभागाचा रुद्रप्रयाग जिल्ह्याचा अंदाज रोज बघा. केशरी किंवा लाल इशारा असेल तर जिथे असाल तिथे थांबा.

कागदपत्रं आणि पैसा

नोंदणी सक्तीची आहे. उत्तराखंड सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर ती फुकट होते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर तो दलाल समजा. हरिद्वार-ऋषीकेशला खिडकीवरही नोंदणी होते, पण गर्दीच्या दिवसांत त्या भरवशावर राहू नका. नोंदणीचा क्यूआर कोड मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा. हेलिकॉप्टरचं तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलीयात्रा संकेतस्थळावर मिळतं. फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर ‘दोन सीट शिल्लक’ म्हणून येणाऱ्या जाहिराती सर्रास फसव्या असतात आणि त्यात आपली माणसं दरवर्षी पैसे घालवतात.

मुक्कामासाठी गढवाल मंडल विकास निगमची निवासस्थानं आणि तंबू आधी आरक्षित करता येतात. वर तीर्थपुरोहितांच्या घरीही सोय होते. रोख रक्कम गुप्तकाशीतच काढून ठेवा. वर मोबाइलने पैसे घेतात, पण पाऊस पडला की नेटवर्क जातं आणि चहावाला तुमच्या तोंडाकडे बघत राहतो.

शरीराची तयारी

दोन महिने आधी सुरुवात करा. पुण्याच्या मंडळींना सिंहगड आहेच. आतकरवाडीतून वर जाईपर्यंत साधारण सहाशे मीटरचा चढ होतो, म्हणजे केदारनाथचा चढ त्याच्या अडीचपटीहून जास्त. आठवड्यातून एकदा सिंहगड न थांबता चढता आला आणि दुसऱ्या दिवशी कामावर लंगडत जावं लागलं नाही, तर तयारी बरी आहे. मुंबईत इमारतीचे जिने आहेत. लिफ्टने वर जाऊन जिन्याने उतरणंही मधूनमधून करा, कारण गुडघे मोडतात ते उतरताना. चढण्याचा सराव सगळे करतात, उतरण्याचा कोणी करत नाही.

रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयाचा जुना त्रास असलेल्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावं आणि ‘केदारनाथला जाऊ का’ एवढंच न विचारता ‘साडेतीन हजार मीटरवर एक रात्र झोपू का’ असं विचारावं. उत्तर पुष्कळदा वेगळं येतं. उंचीच्या त्रासावर ॲसिटाझोलामाइड हे औषध देतात, पण ते कोणी, किती आणि केव्हापासून घ्यायचं हे डॉक्टरच ठरवतील. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी रात्री त्याचं पेन उशाशी न ठेवता अंगाजवळ, पांघरुणात ठेवावं. गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे देवदर्शनाआधी मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणल्या जातात. तसं करू नका. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेला आहे, वजन जास्त आहे किंवा अर्धांगवायूचा घरात इतिहास आहे, अशा बायकांना या गोळ्या घातक ठरू शकतात, आणि वर गेल्यावर थंडी, कमी पाणी, ताण हे सगळं एकत्र येतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

पाठीवरचं ओझं

आपल्या लोकांच्या बॅगेत चार किलो खाऊ असतो. चिवडा, शंकरपाळे, लाडू, वर पुन्हा मेतकूट. गौरीकुंडापासून मंदिरापर्यंत पावलोपावली चहा, मॅगी, पराठा मिळतो. तुमच्याजवळ राजगिऱ्याची नाहीतर शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि मीठ-साखरेच्या पुड्या एवढं पुरे. बाकीचा खाऊ गाडीत राहू द्या.

पाठीवर पाच-सहा किलोंच्या वर काही नको. जीन्स घरी ठेवा. ती भिजली की वाळत नाही आणि पायाला बर्फ बांधल्यासारखी वाटते. घाम शोषून लवकर वाळणारा सदरा, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचं, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट असे थर करा. चालताना एक थर कमी, थांबल्यावर लगेच एक जास्त. एक पूर्ण कोरडा जोड, मोजे आणि कानटोपीसकट, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि मुक्कामाला पोचेपर्यंत ती पिशवी उघडू नका. भिजून वर पोचलेल्या माणसाला त्या रात्री या पिशवीइतकं मोलाचं दुसरं काही नसतं. गौरीकुंडात मिळणारे पातळ रेनकोट दोन तासांत काखेत फाटतात. पाठीवरच्या बॅगेसकट झाकणारा चांगला पोंचो घरूनच न्या. लोखंडी टोकाची काठी मात्र तिथेच घ्या. बूट नवे नकोत, दोन महिने वापरलेले हवेत, आणि निघायच्या आधी पायाची नखं कापा. उतरताना वाढलेलं नख बुटावर आपटून काळं पडतं.

प्रत्यक्ष वाट

पहाटे पाचला निघा. दुपारनंतर ढग भरून येतात, आणि उशिरा पोचलेल्यांना खालूनच वर सोडत नाहीत. पहिले चार किलोमीटर जंगलचट्टीपर्यंतचे, झाडीतले, सोपे वाटतात. इथेच सगळे जास्त वेगाने चालतात आणि पुढे त्याची किंमत मोजतात. शेजाऱ्याशी बोलत बोलत चालता आलं पाहिजे, हा वेगाचा मापदंड ठेवा. वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग कमी करा. पुढे भीमबली, मग रामबाडा. २०१३नंतर इथून वाट पूल ओलांडून नदीच्या दुसऱ्या अंगाने काढली आहे, आणि खरी परीक्षा इथूनच. लिंचोलीपर्यंतची नागमोडी चढण कोणालाही थकवते. झाडं संपतात, वारा लागतो.

दुपारी दोनपर्यंत लिंचोली मागे पडली नसेल तर तिथेच मुक्काम करा, दर्शन दुसऱ्या दिवशी घ्या. साठीच्या पुढच्यांनी मुळात तसंच ठरवून निघावं. अर्ध्या उंचीवर एक रात्र काढल्याने वरची रात्रही सुखाची जाते. लिंचोलीनंतर चढ थोडा मवाळ होतो, पण अंतर संपता संपत नाही. मंदिर अगदी शेवटच्या टप्प्यात दिसतं, तोवर प्रत्येक वळणावर ‘आता आलंच’ असं सांगणारे भेटतील. उतरणाऱ्या माणसाने सांगितलेल्या अंतराला दीडने गुणावं.

आता खच्चरांबद्दल. या वाटेवर सकाळपासून त्यांची ये-जा असते आणि धक्का लागून दरीत पडण्याचे अपघात खरोखर होतात. घंटांचा आवाज आला की डोंगराच्या अंगाला सरका, दरीच्या अंगाला कधीच नाही, मग तिकडे कठडा असला तरी. पाठ डोंगराला टेकवून उभे राहा म्हणजे बॅग मध्ये येत नाही. खच्चर स्वतःची रुंदी जाणतं, पण पाठीवरच्या सिलिंडरची किंवा बसलेल्या माणसाच्या गुडघ्याची जाणत नाही. एकामागून एक पाच-सहा जातात, पहिलं गेलं म्हणून लगेच वाटेवर येऊ नका. मोबाइल खिशात ठेवा. लीद आणि पाणी मिसळून दगड निसरडे होतात, तिथे पाऊल पूर्ण टेकवून टाका. शेवटची गोष्ट उतरण्याची: निघताना बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधा, टाच मागे दाबून आणि घोट्यापाशी घट्ट. पाय बुटात पुढे सरकला नाही तर नखं वाचतात.

स्वतः खच्चरावर बसायचं असेल तर प्रशासनाच्या खिडकीवर ठरलेल्या दराने पावती घ्या, आणि जनावर लंगडत असेल किंवा पाठीवर जखम असेल तर दुसरं मागा. बसायची सवय नसलेल्यांना उतरताना फार त्रास होतो. जाताना खच्चर आणि येताना पायी, हे जास्त जमतं. पालखीसारखी दंडी आणि पाठीवरची कंडी हेही पर्याय आहेत. ते वाहणारे पुष्कळजण नेपाळहून येतात. त्यांच्या विसाव्याच्या वेळी घड्याळ दाखवू नका आणि चहा आपल्याबरोबर त्यांनाही सांगा.

हेलिकॉप्टर सोपं वाटतं, पण त्यात दोन गोष्टी विसरल्या जातात. फाटा, सिरसी किंवा गुप्तकाशीहून ते तुम्हाला काही मिनिटांत साडेतीन हजार मीटरवर सोडतं, म्हणजे शरीराला सरावायला वेळच मिळत नाही. आणि हवामान बिघडलं की उड्डाण रद्द होतं, मग परतीला पायीच उतरावं लागतं. ज्यांना ते मुळीच शक्य नाही त्यांनी वर एक जास्तीची रात्र काढायची तयारी ठेवावी. जून २०२५मध्ये केदारनाथहून गुप्तकाशीला येणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून सात जण दगावले, त्यात यवतमाळ जिल्ह्यातले यात्रेकरूही होते. ढगात ‘आजच सोडा’ असा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उंचीचा त्रास

डोकं दुखणं, मळमळणं, भूक जाणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. अशा वेळी वर जाणं थांबवा, गरम काही प्या, विश्रांती घ्या. त्रास कमी झाला नाही तर खाली या. स्वस्थ बसलेलं असतानाही धाप लागत असेल, खोकला येत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर फुप्फुसात पाणी होत असण्याची शक्यता असते. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देऊ लागला तर मेंदूला सूज आलेली असू शकते. शंका असेल तर त्याला जमिनीवर सरळ रेषेत, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर रात्र आहे की दिवस हे बघू नका, वैद्यकीय केंद्र गाठा आणि लगेच खाली न्यायची व्यवस्था करा. वाटेवर अशी केंद्रं आहेत. आपत्कालीन क्रमांक ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८.

कापराची पुडी सगळ्यांच्या खिशात असते. तिने नाक मोकळं वाटतं, रक्तातला प्राणवायू मात्र रेसभरही वाढत नाही. प्राणवायूचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात. त्यांच्या जोरावर वर चढत राहणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. आणि ही गोष्ट श्रद्धेला धरून असली तरी सांगतो: दर्शन होईपर्यंत निर्जळी राहण्याचा नेम इथे धरू नका. उपासच असेल तर खजूर, राजगिरा, दूध, उकडलेले बटाटे हे सगळं उपासाला चालतंच, ते पोटभर खा. वर गेल्यावर थंड पाण्याने डोक्यावरून आंघोळीचा हट्टही नको. गरम पाण्याची बादली विकत मिळते, तिने हातपाय-तोंड धुवा.

दर्शन

सकाळी गाभाऱ्यात जाऊन दर्शन मिळतं. दुपारी तीनच्या सुमारास नैवेद्यासाठी मंदिर बंद होतं आणि संध्याकाळी उघडल्यावर शृंगार झालेला असतो, तेव्हा दर्शन लांबूनच. म्हणून चढाईच्या दिवशी संध्याकाळची आरती बाहेरून बघा, आणि गाभाऱ्याची रांग दुसऱ्या दिवशी पहाटे धरा. गर्दीप्रमाणे वेळा बदलतात, पोचल्यावर विचारून घ्या. मंदिराच्या मागे भीमशिला आहे. २०१३च्या लोंढ्यात वाहत आलेला हा प्रचंड दगड मंदिरामागे अडकला आणि पाणी दोन्ही बाजूंनी फाकलं. तिथून जवळच आदि शंकराचार्यांची समाधी. रांगेतून सुटलात की या दोन्ही जागांना निवांत वेळ द्या, पण नऊ-दहापर्यंत उतरायला लागा. उतरायला चार ते सहा तास लागतात आणि दुपारचा पाऊस उतरणाऱ्यांनाही भिजवतो.

घरात असं कोणीतरी असतंच ज्यांना केदारनाथला जायचंय पण डॉक्टर नाही म्हणतात. त्यांना समजावत बसण्यापेक्षा ऊखीमठला न्या. भाऊबिजेला कपाटं बंद झाली की केदारनाथाची पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीतून ऊखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते आणि सहा महिने पूजा तिथेच होते. दुसऱ्या केदाराची, म्हणजे मद्महेश्वराची, हिवाळी गादीही तिथेच. गाव तेराशे मीटरवर, गाडी जवळपर्यंत जाते, रांग नसते. डिसेंबर-जानेवारीत रस्ता बहुधा चालू असतो, आणि आकाश मोकळं असेल तर गावातून चौखंबा दिसतो. स्वेटर, शाल आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन गेलात की पुरे.